पहिला रिमोट आता तुमच्या हाती!

मृग लागला की तारकर्लीचा किनारा पुन्हा आपला वाटायला लागतो, असं तिथल्या बायका म्हणतात. डिसेंबरात आणि मे महिन्यात जिथं पाय ठेवायला जागा नसते, तिथं पावसात चिटपाखरू दिसत नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट ह्या काळात जलक्रीडा बंद, म्हणजे स्कुबा नाही, पॅरासेलिंग नाही, देवबागच्या संगमावरच्या फेऱ्या नाहीत. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारीही थांबते. घराघरांतल्या निवास-न्याहारीची लगबग ओसरते. माडांवर पाऊस कोसळत असतो, कर्ली नदी गढूळ होऊन समुद्राला मिळत असते, आणि दर अर्ध्या तासानं घरातलं एखादं पोर येऊन विचारतं, "आई, आता काय करू?"

हा प्रश्न एकट्या तारकर्लीचा नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको. सांगलीच्या वाड्यात असा की डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये, पावसाळी रविवार सगळीकडे सारखाच. मग त्या पोराच्या हाती मोबाईल जातो, तासाभरानं तो हिसकावून घ्यावा लागतो, आणि त्यापुढची रडारड तुम्हां-आम्हांला पाठ आहे.

ह्या प्रश्नाचं एक छोटंसं उत्तर कदाचित तुमच्या कपाटातच पडून असेल. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब्लेट आठवतो का? शाळा पुन्हा भरल्या आणि तो बिचारा साड्यांच्या घडीखाली गेला. तारकर्लीतल्या एका ओळखीच्या घरी तोच टॅब्लेट मी पाहिला तेव्हा तो ओटीवर स्टँडला उभा होता. समोर दोन रिमोट, आणि पडद्यावर टोपीवाला, मिशीवाला मारियो उड्या मारत होता. खेळत कोण होतं म्हणाल? घरातली मोठी सून! आणि तिचा आठवीतला मुलगा शेजारी बसून आर्जवं करत होता, "आई, आता माका दी!"

कॅसेटचे दिवस

तुमच्यापैकी ज्या आज चाळिशीच्या आगेमागे आहेत त्यांना हे दिवस सांगावे लागणार नाहीत. नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. मीडिया, लिटल मास्टर, सामुराई अशी नावं असायची. कुणाच्या घरी तो असला की साऱ्या आळीतली मुलं तिथं. ज्यांच्याकडे नसे ती दुकानातून तासावर भाड्यानं आणत. कॅसेट लागली नाही की काढून फुंकायची आणि परत लावायची! मारियो, कॉन्ट्रा, सर्कस, रणगाड्यांचा तो टँक, बदकं मारायची बंदूक... एकेका कॅसेटवर '९९९९ खेळ' असं छापलेलं, आणि उघडून पाहावं तर तेच वीस-पंचवीस खेळ फिरून फिरून.

ह्या बहुतेक यंत्रांचा मूळपुरुष एकच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं यंत्र बाजारात आणलं, आणि आपल्याकडे आली ती बरीचशी त्याची नक्कल. मारियोचा तो गाजलेला खेळ १९८५ चा, म्हणजे २०२५ साली त्यानं चाळिशी गाठली. आपला जुना मित्रही आपल्याच वयाचा निघाला म्हणायचा!

आता ती यंत्रं कुठं सापडत नाहीत, सापडलीच तर चालत नाहीत, आणि चालली तरी नव्या टीव्हीला जुळत नाहीत. कोकणात तर खाऱ्या हवेनं कॅसेटचे पितळी दात केव्हाच काळे पडलेले. (फुंकर मारून आपण त्यात तोंडाची वाफच भरत होतो, हेही जाता जाता सांगते. खेळ लागायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.)

टॅब्लेटनं घेतलेलं सोंग

मग कॅसेटशिवाय आणि यंत्राशिवाय टॅब्लेटवर मारियो येतो कसा? ह्याला म्हणतात 'एम्युलेटर'. शब्द अवघड आहे, पण सिंधुदुर्गातल्या बाईला तो चुटकीसरशी समजेल, कारण तिनं दशावतार पाहिलेला असतो. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री चेहरा रंगवतो, मुकुट चढवतो आणि राजा होतो. पुरुषच साडी नेसून अशी राणी उभी करतो की आपण बायकांनी बघत राहावं. एम्युलेटर हा असाच एक प्रोग्राम आहे. तो टॅब्लेटला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतो. जुना खेळ ज्या ज्या आज्ञा देतो त्या हा टॅब्लेट त्या जुन्या यंत्रासारख्याच पाळतो, आणि बिचाऱ्या खेळाला वाटतं, आपण अजून १९८५ मध्येच आहोत.

हे सोंग टॅब्लेटला मुळीच जड जात नाही. त्या जुन्या यंत्राची कामाची मेमरी होती अवघी २ किलोबाइट. मारियोचा आख्खा खेळ, त्यातले ढग, कासवं, भुयारं आणि गाणं धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला होता. सकाळी तुम्हांला येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा ह्याहून मोठा असतो! त्यामुळे टॅब्लेट जुना आहे, स्वस्तातला आहे, अशी काळजी करू नका. अक्षरं वाचायला जो पुरला तो मारियोला नक्की पुरेल.

काय काय लागतं?

१) टॅब्लेट. आठ ते दहा इंचांचा पडदा असला की दोघांना शेजारी बसून खेळता येतं. बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे पाठ उचललेली किंवा पडदा सुटलेला दिसला, तर मात्र तो चालू करू नका, चार्जिंगला तर लावूच नका. सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

२) रिमोट, म्हणजेच कंट्रोलर. पडद्यावर बोटं दाबून हे खेळ खेळता येतात, पण मजा नाही. बोटाखाली बटण लागत नाही आणि आपलाच अंगठा आपली वाट झाकतो. कंट्रोलर घेताना एक गोष्ट पाहा: डाव्या हाताखालचं अधिकचिन्हासारखं बटण चांगलं हवं. नव्या खेळांत गोल दांडीचं महत्त्व असतं, जुन्यांत ह्या अधिकचिन्हाचं. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई ह्यांनी १९८२ साली ते हातातल्या छोट्या खेळासाठी बसवलं, आणि तेव्हापासून ते हललेलं नाही. दुकानात दाबून बघा. चारही बाजू वेगवेगळ्या लागल्या पाहिजेत, लिबलिबीत नको.

३) स्टँड. ताटांच्या घडवंचीतही टॅब्लेट उभा राहतो! पडदा डोळ्यांच्या किंचित खाली आणि हातभर लांब असावा.

४) वायर घ्यायची की बिनवायरी? ब्लूटूथचा कंट्रोलर सुटसुटीत, पण त्याला चार्जिंग लागतं. वायरचा कंट्रोलर ओटीजी नावाच्या छोट्या जोडणीनं टॅब्लेटला लागतो आणि बटण दाबताच क्षणाचाही उशीर होत नाही. घरात लहान मूल रांगत असेल तर मात्र लोंबती वायर नको.

जोडणी: पोळ्या होईपर्यंत होते

ब्लूटूथ कंट्रोलर आधी 'जोडणीच्या अवस्थेत' न्यावा लागतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर त्यासाठी वेगळं छोटं बटण आहे. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर शेअर आणि मधलं पीएस अशी दोन बटणं एकदम दाबून धरायची. इतर कंपन्यांच्या डब्यात चिठ्ठी असते, ती फेकू नका. दिवा लुकलुकायला लागला की टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडून नावावर बोट ठेवा. झालं! दुसरा कंट्रोलरही असाच जोडा.

आता एम्युलेटर. 'रेट्रोआर्च' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि त्यात जाहिराती नाहीत. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवर तो आहे. अ‍ॅपलनं एप्रिल २०२४ मध्ये अशा प्रोग्रामना आपल्या दुकानाचं दार उघडलं, तेव्हापासून आयपॅडवरही तो घेता येतो. पहिल्यांदा त्याचे मेनू पाहून गांगरायला होतं, पण तुम्हांला दोनच ठिकाणं लक्षात ठेवायची आहेत. 'लोड कोअर' म्हणजे कुठल्या यंत्राचं सोंग घ्यायचं ते निवडणं. फॅमिली कॉम्प्युटरसाठी 'नेस्टोपिया' निवडा. आणि 'लोड कंटेंट' म्हणजे खेळाची फाइल उघडणं. बाकीची खोली भाच्या-पुतण्यांसाठी सोडून द्या.

टॅब्लेट टीव्हीला जोडायची हौस पुष्कळांना असते. टॅब्लेट तशी सोय देत असेल तर वायरनं जोडा आणि टीव्हीवर 'गेम मोड' लावा. बिनवायरी पाठवलं तर चित्र मागाहून येतं, आणि तोवर मारियो खड्ड्यात! ब्लूटूथ हेडफोनमध्येही आवाज असाच मागे पडतो. आणि बदकं मारायची जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर चित्र ज्या रीतीनं रेघारेघांनी उमटायचं त्यावरच ती बेतलेली होती. मुलांनी हट्ट धरला तर हे कारण सांगा.

खेळ आणायचे कुठून?

इथं जरा थांबून वाचा. एम्युलेटर घरी ठेवण्यात काही गैर नाही, पण खेळ हा दुसऱ्याच्या मालकीचा असतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला आहे, म्हणजे पुस्तकाला जे संरक्षण ते खेळाला. खेळ जुना झाला, दुकानात मिळेनासा झाला, म्हणून तो कुणीही उचलावा असं होत नाही. मारियो चाळीस वर्षांचा झाला तरी त्याचे मालक हयात आहेत आणि चांगले जागे आहेत. शिवाय 'हजार खेळ फुकट' म्हणून मिळणाऱ्या फायलींबरोबर टॅब्लेटमध्ये काय काय शिरेल ह्याचा नेम नसतो. त्याच टॅब्लेटवर तुमचं बँकेचं खातं उघडत असेल तर विचार करा.

मग सरळ मार्ग कोणते? एक, पुष्कळ कंपन्यांनी आपले जुने खेळ नव्यानं विकायला काढले आहेत. सेगाचा निळा सॉनिक मोबाईल-टॅब्लेटच्या दुकानात मिळतो. दोन, आजही काही हौशी मंडळी त्या १९८३ च्या यंत्रासाठी नवे खेळ रचतात! 'नोव्हा द स्क्विरल' हा खारीचा खेळ फुकट दिलेला आहे. 'मायक्रो मेजेस' हा २०१९ चा खेळ थोड्या पैशांत विकत मिळतो, चौघांना एकदम खेळता येतो, आणि रचणाऱ्यांनी मुद्दाम तोही ४० किलोबाइटमध्येच बसवला आहे. चार जावा किंवा चार चुलत भावंडं असलेल्या घराला ह्याहून चांगली भेट नाही.

खारा वारा, पाऊस आणि वीज

किनाऱ्यावरच्या बायकांकडून शिकावं ते यंत्र जपण्याचं शास्त्र. तारकर्लीला पत्र्याचा डबा दोन वर्षांत गंजतो, तिथं टॅब्लेटची काय कथा! पण त्या घरचा टॅब्लेट सहावं वर्ष धकवतो आहे, तो असा:

वापर झाला की टॅब्लेट आणि रिमोट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. नव्या पर्स-चपलांबरोबर येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या फेकून न देता त्याच डब्यात टाकायच्या. (लहान मुलांच्या हाती मात्र त्या लागू देऊ नका.)

वाळूच्या हातांनी रिमोट धरायचा नाही. बटणाच्या फटीत एक कण गेला की ते कायमचं करकरतं.

चार्जिंगचं भोक ओलं झालं तर कोरडं होईपर्यंत वायर लावायची नाही. आणि ओला टॅब्लेट तांदळाच्या डब्यात पुरायचा जुना उपाय करू नका, तांदळाची बारीक भुकटी आत शिरून नुकसानच होतं. पुसून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा.

विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा. उशीखाली, गोधडीत किंवा गॅसजवळ ठेवून चार्जिंग करायचं नाही.

आणि वादळाच्या दिवसांत बॅटरी खेळात घालवायची नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी घरं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. तेव्हा एक टक्का बॅटरीची किंमत सोन्याएवढी होती. वेधशाळेनं इशारा दिला की टॅब्लेट, फोन, पॉवरबँक भरून ठेवा आणि मारियोला सुट्टी द्या.

व्यसनाचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात मघापासून घोळत असणार, आणि तो रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या विकाराला आपल्या रोगांच्या यादीत स्थान दिलं असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि त्याहून लहानांना नकोच, असंही ह्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे. कुणाला फिट्स येत असतील तर लुकलुकणाऱ्या चित्रांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

पण जुन्या आणि नव्या खेळांत एक फरक आहे, तो ओळखा. आजचे मोबाईलवरचे कित्येक खेळ संपूच नयेत असे रचलेले असतात. मध्येच जाहिरात, मध्येच 'रत्नं विकत घ्या', आणि रोज हजेरी लावली नाही तर नुकसान. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर सरकारनं २०२५ साली कायदाच करून बंदी घातली. जुना खेळ विकत घेताना एकदाच पैसे पडायचे, मग तो आणखी काही मागत नसे. एम्युलेटरवर त्याला इंटरनेटही लागत नाही. टॅब्लेट 'एअरप्लेन'वर टाका, वर ब्लूटूथ तेवढं चालू करा, की जाहिरातींचा आणि अनोळखी माणसांचा प्रश्नच मिटला.

तारकर्लीच्या त्या घरचा नियम मला आवडला. वेळ घड्याळावर नाही, बारीवर. तीन जीव संपले की रिमोट पुढच्याच्या हाती. एकट्यानं खोलीत नेऊन खेळायचं नाही, खेळ ओटीवरच. चवथीला मुंबईचे चाकरमानी आले की घरात अकरा पोरं होतात, पण आरती-भजन आटोपल्याशिवाय डबा उघडत नाही. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहायचं, हा डोळ्यांचा नियम तिथं सोपा आहे. समोर माड आहेत!

आणि तुमची बारी?

आता मुख्य गोष्ट. त्या मोठ्या सुनेला मी विचारलं, "तुम्हांला हे कसं काय जमतं?" ती हसली. तिचं माहेर मालवणचं, पाठीवर-पोटावर दोन भाऊ. "घरात गेम होता," ती म्हणाली, "पण पहिला रिमोट कधी हातात आला नाही. मला दुसरा. त्याचं एक बटण मोडलेलं. दादाचा मारियो मरायचाच नाही, आणि मरायची वेळ आली की आई हाक मारायची, भांडी पडलीयत!"

किती जणींनी मान डोलावली असेल हे वाचताना! खेळ घरात होता, वेळ भावाची होती. पुढं लग्न झालं, मुलं झाली, आणि खेळ म्हणजे मुलांना आणून द्यायची वस्तू झाली.

खरं तर हे खेळ बायकांना परके नव्हतेच. १९८० चा पॅकमॅन आठवतो? तोंड वासून ठिपके खात सुटणारा पिवळा गोळा. तो रचणाऱ्या तोरू इवातानी ह्यांनी पुढं सांगितलं की खेळघरांत नुसते पुरुष दिसत, बायकांनाही यावंसं वाटावं म्हणून त्यांनी मारामारी सोडून खाण्याचा विषय घेतला. आणि १९८२ साली गाजलेला 'रिव्हर रेड' हा विमानाचा खेळ लिहिला होता कॅरोल शॉ ह्या बाईंनी.

शिवाय एम्युलेटरमध्ये एक सोय आहे, जी जणू गृहिणींसाठीच केली असावी. तिला म्हणतात 'सेव्ह स्टेट'. खेळ जिथं असेल तिथं, अगदी मारियो हवेत असतानासुद्धा, थांबवून ठेवता येतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं नेता येतो. पूर्वी वीज गेली की सगळं पहिल्यापासून. आता कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बेल वाजली, सासऱ्यांना औषध द्यायचं झालं, तरी डाव मोडत नाही. आपल्या वाट्याला फुरसत येते ती अशी तुकड्यातुकड्यांनीच, हो ना?

शेजारच्या सावंतवाडीला गोल पत्त्यांची गंजिफा अजून रंगवली जाते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा मिळून १२० पत्ते. ही कला विसरली जात होती, ती सत्तरच्या दशकात तिथल्या भोसले राजघराण्यानं पुन्हा उभी केली. पण आज ते पत्ते विकत घेणारे पुष्कळ जण त्यांची चौकट करून भिंतीला लावतात, आणि डाव मांडता येणारे थोडे. खेळ भिंतीवर टिकतो, पण जगतो तो हातात आल्यावरच.

म्हणून ह्या रविवारी कपाटातला टॅब्लेट काढा. मुलांना जोडणी करू द्या, त्यांना त्यातही मजा येते. पण पहिली बारी मात्र तुम्ही मागून घ्या. मारियो पहिल्याच खड्ड्यात पडेल, मुलं हसतील, हसू द्यात. तारकर्लीला त्या दिवशी मुलाचा हट्ट फारच वाढला तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "आवशीक खेळूक दी आधी!" आणि मग सुनेला, "तू खेळ गे. भात मी बघतंय."

तुमच्या घरी हे वाक्य कुणी म्हणेल का? नाही म्हणालं, तर सांगून टाका. आजचा भात दुसऱ्या कुणीतरी बघायचा आहे.